मी पाहिलेले एक कोटी गुण

मी एक जुनी जॉयस्टिक आहे. मित्रांनो, हल्ली तुम्ही काचेवर बोट घासून विमाने उडवता, त्यामुळे माझ्यासारखीला तुम्ही कदाचित पाहिलेही नसेल. एक पोलादी दांडा, त्याच्या टोकाला लिंबाएवढा लाल गोळा, कमरेला एक स्प्रिंग आणि पायाशी चार दिशांना चार छोटे स्विच, एवढाच माझा संसार. दांडा डावीकडे कलला की डावा स्विच 'टक' करतो आणि पडद्यावरचे विमान डावीकडे सरकते. माझ्या गोळ्यावर एक बारीक ओरखडा आहे. तो तेवढा लक्षात ठेवा.

माझा जन्म ओसाकातल्या एका लहान कारखान्यात झाला. तिथे सहा बायका एका ओळीत बसून आम्हाला जोडत असत. शेवटच्या खुर्चीवरच्या चष्मेवाल्या बाई प्रत्येकीला कानाशी धरून हलवून बघायच्या. मला हलवून त्या म्हणाल्या, "ही मऊ आहे. हिला मारामारीच्या खेळात घालू नका, बिचारी मोडेल. हिला गोळीबाराच्या खेळात पाठवा." त्या वेळी मला राग आला होता. मऊ म्हणजे काय, मी काय लोण्याची आहे? पण बाईंना माझ्याबद्दल जे कळले होते ते मला कळायला पुढे बरीच वर्षे गेली.

मला पाठवले ते सकाई शहरातल्या एका बाजारगल्लीत. गल्लीवर छप्पर होते आणि दोन्ही बाजूंना दुकाने. मधोमध इसोगाई नावाच्या गृहस्थांचे 'मिनातो' हे खेळघर होते. त्यात चौदा यंत्रे होती. त्यातल्या 'चंडोल' नावाच्या यंत्रात मला बसवले. खेळ सांगायला सोपा होता. खाली तुमचे एकटे विमान (एका डावात अशी तीन मिळत), आणि वरून येणाऱ्या शेकडो गोळ्या. फारच अंगाशी आले तर बॉम्बचे बटण दाबायचे, की पडदा साफ होई. पण बॉम्ब वापरला की गुण घटत, आणि मानही घटे.

मिनातोमध्ये दोन नियम होते. पहिला, कुणी खेळत असताना त्याच्याशी बोलायचे नाही. बघायचे असेल तर मागे उभे राहून गुपचूप बघायचे. दुसरा नियम गुणांचा. चंडोल हे विसराळू यंत्र होते. वीज गेली की त्याच्या पडद्यावरचे सगळे आकडे पुसले जात. म्हणून गल्ल्यावर एक वही असे. जो विक्रम इसोगाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्यावर ते आपला लाल शिक्का मारत. न पाहिलेल्या आकड्याला शिक्का नाही, मग तो सख्ख्या भावाचा का असेना.

इसोगाई माणूस घड्याळाचा. संध्याकाळी सातला पाच कमी असताना दुकान बंद होण्याचे गाणे लागे. गाणे संपले की ते गल्ल्यामागच्या भिंतीवरची विजेची मुख्य कळ खाली ओढत. खट्. चौदाही यंत्रे एका क्षणात अंधारात. समोरचा फळवाला त्या आवाजावर आपले घड्याळ लावत असे.

माझ्यावर कितीतरी हात पडले. चिकट, घामट, थरथरते. कुणी मला मुसळासारखे धरत, कुणी हरल्यावर माझ्या डोक्यात थापट मारत. पण एक हात वेगळा होता. शेजारच्या लोणच्याच्या दुकानातले सादाहारू हिराओका. वय तिशीच्या आतबाहेर, घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. त्यांच्या बोटांना तांदळाच्या कोंड्याचा आंबूस वास यायचा. ते मला खालून धरत, दांडा दोन बोटांच्या मध्ये आणि तळहात वर. जोर म्हणून कधी लावत नसत. एक टिचकी, आणि विमान केसभर सरके. मी मऊ का जन्मले ते मला त्या हातात कळले.

आता ती संध्याकाळ सांगते. नोव्हेंबर महिना होता, बाहेर थंडी होती आणि दुकानात दुसरे गिऱ्हाईक नव्हते. इसोगाई गल्ल्यावर, यंत्रांकडे पाठ करून नाणी मोजत होते. सादाहारू शेवटच्या लाटेपाशी पोहोचले होते. या लाटेत गोळ्यांची इतकी दाट चादर येते की सगळे जण तिथे बॉम्ब दाबतात. त्यांनी नाही दाबला. खेळात घंटेसारखा आवाज तीनदा झाला आणि त्यांनी मला डावीकडे दोन टिचक्या दिल्या. फक्त दोन. गोळ्या दोन्ही पंखांवरून निघून गेल्या आणि विमान तसेच राहिले. मग शेवटचा शत्रू फुटला आणि आकडा चढत गेला. एक कोटी, दोन हजार तीनशे. गावात तोवर कुणी नव्वद लाखही ओलांडले नव्हते.

ते मागे वळून हाक मारणार, एवढ्यात गाणे संपले आणि खट् झाले.

अंधारात त्यांनी हात झटकन मागे घेतला. बोटातली अंगठी माझ्या गोळ्यावर घासली. तोच हा ओरखडा.

"इसोगाईकाका! दिवे लावा! एक कोटी झाले होते!"

"काय झाले होते?"

"एक कोटी! बॉम्ब न वापरता!"

दिवे लागले. चंडोल सुरू झाले ते कोऱ्या पाटीसारखे. इसोगाईंनी त्या पडद्याकडे पाहिले. मग म्हणाले, "सादाहारू, तू खोटं बोलत असशील असं मी म्हणत नाही. पण मी पाहिलं नाही. न पाहिलेल्याला शिक्का कसा मारू?"

सादाहारूंनी वहीत आकडा लिहिला, तारीख घातली, सही केली. शिक्क्याची जागा मोकळी राहिली. दुसऱ्या दिवशी मासळीच्या वड्या विकणारा उमेझाकी आला. गावात गुणांत पहिला नंबर त्याचा होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माणूस. त्याने वही वाचली आणि त्या आकड्याखाली लिहिले: "लोणचेवाल्याच्या मुळ्यात मीठ कमी, थापेत मात्र जास्त."

गल्ली खदखदून हसली. आमच्या लोकांत चोराला एक वेळ क्षमा आहे, पण खोटे गुण सांगणाऱ्याला नाही. सादाहारूंनी ते वाचले, वही मिटली आणि पुन्हा कधी मिनातोची पायरी चढली नाही. इसोगाईंशी त्यांचे येता-जाता मान लववण्याएवढेच उरले.

मित्रांनो, या सगळ्याची साक्षीदार एकटी मी. पडदा माझ्या डोक्यावरच होता, आकडा मी पाहिला होता, त्या दोन टिचक्या माझ्याच अंगावर पडल्या होत्या. पण दांड्याला कोण विचारतो? मला तोंड असते तर मी त्या उमेझाकीला भर बाजारात उभे केले असते. असो.

आणखी सात वर्षे मी राबले. मग माझा उजवा स्विच मधूनमधून मुका होऊ लागला. इसोगाईंनी मला काढले, फडक्याने पुसले आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकले. त्या डब्यात मी अकरा वर्षे पडून होते. आधी वाटायचे की आज ना उद्या झाकण उघडेल. नंतर तसे वाटणेही थांबले.

झाकण उघडले ते एका जानेवारीत.

"बघ पोरी," इसोगाईंचा आवाज आता घोगरा झाला होता. "एकतीस मार्चला दुकान बंद करतोय. गुडघे गेले माझे. हे सगळं भंगारात जाणार आहे. त्याआधी तुला हवी ती उचल."

समोर कोनात्सु उभी होती. सादाहारूंची ती तीन वर्षांची मुलगी आता एकवीस वर्षांची झाली होती. सकाळी बापाबरोबर लोणच्याचे पिंप हलवायची आणि दुपारी दुकान सांभाळायची. दुकान बंद होणार म्हणून इसोगाईंनी जुन्या वह्या पावसाळ्यातच लोकांना चाळायला काढून ठेवल्या होत्या. त्यात तिला ते पान सापडले होते.

"शाळेत मला थापाड्याची मुलगी म्हणायचे," ती म्हणाली. "का, ते त्या पानावरून कळलं. काका, शेवटच्या लाटेत गोळ्यांमधून निसटायला फट आहे की नाही?"

"अठ्ठावीस वर्षांत मी तरी पाहिली नाही."

"मी दाखवली तर?"

मागे उमेझाकी उभा होता. आता पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, पण जीभ तशीच. तो म्हणाला, "कोनात्सुताई, मी तिथे हजारदा मेलोय. फट असती तर माझ्यासारख्या जाड्याला सापडली नसती का?"

"जाड्याला फट सापडत नाही, उमेझाकीकाका. त्याला दार लागतं."

इसोगाई खोकल्यासारखे करून हसले. पण कोनात्सु हसत नव्हती. चंडोलची घरी खेळायची जुनी चकती तिने कुठून तरी मिळवली होती आणि पावसाळ्यापासून ती बटणांच्या छोट्या पॅडवर सराव करत होती. पॅडवर ती पाचव्या पातळीपर्यंत जायची. मिनातोत येऊन दांडा हातात घेतला की मात्र दुसऱ्या पातळीवरच विमान भिंतीवर आपटायचे. घरी सरावाला तिला स्वतःची जॉयस्टिक हवी होती. तिची पहिली. आणि हातात फक्त दहा आठवडे होते.

इसोगाईंनी डब्यातल्या आम्हा चौघी जॉयस्टिकना फडक्यावर मांडले. अकरा वर्षांनी मी उजेड पाहत होते. मनात म्हणत होते, मला घे, पोरी, मला त्या दोन टिचक्या ठाऊक आहेत. ज्या उरतील त्या भंगारात जातील हेही मी ऐकले होते.

"ही काळी घे," उमेझाकी मध्येच म्हणाला. "एकदम नवी आहे. स्प्रिंग बघ, काय कडक! हिला धरलं की हातात काहीतरी आहे असं वाटतं."

कोनात्सुने काळी हलवून पाहिली. ती खाडकन जागेवर यायची. मग तिने मला हात लावला. मी इतकी मऊ लागले की तिने लगेच सोडले.

"ही सैल झाली आहे बहुतेक," ती म्हणाली आणि काळी घेऊन गेली.

नवशिक्यांची हीच चूक होते, मित्रांनो. दुकानात दोन मिनिटे हलवून बघताना कडक जॉयस्टिक भारी वाटते, पण तिच्याबरोबर तास तास काढायचे असतात. इसोगाईंनी काही म्हटले नाही. आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या निवडीत मालक तोंड घालत नाही. त्यांनी आम्हा तिघींना पुन्हा डब्यात ठेवले आणि झाकण लावले.

नऊ दिवसांनी ती परत आली. दोन बोटांना पट्ट्या बांधल्या होत्या.

"काका, बाबा बोलले."

"काय बोलले?"

"मी वर माळ्यावरच्या खोलीत खेळत होते, ते खाली मुळे धूत होते. आवाज ऐकून खालूनच ओरडले, 'ती स्प्रिंग कडक आहे. ते मारामारीचं हत्यार आहे, त्यावर टिचकी बसत नाही.' एवढंच. मग पुन्हा मुळे धुवायला लागले. अठरा वर्षांत पहिल्यांदा या खेळाबद्दल बोलले, काका!"

इसोगाईंनी पुन्हा फडके पसरले. "या वेळी डोळे मिटून निवड. मूठ आवळायची नाही. खालून धर, भाताचं शीत दोन बोटांत धरतेस तशी. आणि एकच 'टक' ऐकू येईल एवढंच हलव."

तिने डोळे मिटले. पहिलीला टिचकी दिली आणि दोनदा टक झाले. दुसरी टक करून परत येताना थरथरली. मग ती माझ्यापाशी आली. अकरा वर्षांच्या गंजाने मी घाबरले होते. तिच्या बोटाचा जोर आला, मी कलले, एकदाच टक म्हटले आणि सरळ उभी राहिले.

"ही."

"ही जुनी आहे. चंडोलमधलीच. हिचा उजवा स्विच मेलाय."

"स्विच बदलता येतो ना?"

"स्विच बदलता येतो," इसोगाई म्हणाले. त्यांनी मला खोलले, घासले, वंगण दिले, नवा स्विच बसवला आणि तीन बटणांसह एका लाकडी पेटीत घातले.

लोणच्याच्या दुकानाच्या माळ्यावर माझे नवे घर झाले. पण तिथे वेगळीच अडचण निघाली. खेळघरात मी लोखंडी यंत्रात घट्ट बसलेली असे. इथे पेटी हलकी होती आणि चटई गुळगुळीत. जोरात हात गेला की मी पेटीसकट सरकायची. कोनात्सु पेटी गुडघ्याने दाबून धरायची, मांडी अवघडायची आणि ऐन वेळी विमान मरायचे. फेब्रुवारी संपत आला तरी शेवटच्या लाटेपर्यंत ती जेमतेम तीनदा पोहोचली होती, आणि तिन्ही वेळा तिथेच संपली. एका संध्याकाळी तिने मला बाजूला ढकलले आणि तोंड ओंजळीत घेऊन रडली.

जिना वाजला. सादाहारू वर आले. केस पांढरे झाले होते, अंगात दुकानातला रबरी अंगरखा तसाच होता. दोन्ही हातांत पिंपावर दाबण म्हणून ठेवतात तो दगड होता, चांगला आठ किलोंचा. त्यांनी तो माझ्या पेटीवर, बटणांच्या वरच्या मोकळ्या जागेत ठेवला. पेटी जागच्या जागी बसली. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे गोटा माझ्या कपाळी आला होता, आणि खरे काय ते सांगू न शकणारीही मीच होते.

पेटी नीट बसली का ते बघायला त्यांनी माझ्या गोळ्यावर हात ठेवला. अंगठा ओरखड्यावरून गेला आणि थांबला. पुन्हा एकदा गेला. बोटात अंगठी अजून होती. ते खाली बसले.

"ही कुठून आणलीस?"

"मिनातोतून. का?"

त्यांनी माझा दांडा दोन बोटांत धरला. मग म्हणाले, "तू पंख वाचवत बसतेस. पंखाला गोळी लागली तरी काही होत नाही. विमानाचा जीव मधल्या तांबड्या ठिपक्यात आहे, तेवढा वाचव. तीन घंटा झाल्या की डावीकडे दोन टिचक्या, गोळ्यांच्या दिशेने. वाटेल की आपण मरायलाच चाललोय. तरी दोनच. तिसरी मारलीस की संपलं."

"बाबा, तुम्हीच चला ना. शेवटच्या दिवशी तुम्ही खेळा. सगळ्यांसमोर."

"मी खेळलो होतो," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

एकतीस मार्च उजाडला. गावातले जुने खेळाडू मिनातोत लोटले. प्रत्येकाला शेवटचा एक डाव हवा होता. कोनात्सुने मला पेटीतून काढून आणले होते. इसोगाईंनी चंडोलचे झाकण उघडले आणि मला माझ्या जुन्या जागी बसवले. चार स्क्रू, चार तारा. अकरा वर्षांनी तोच पडदा माझ्या डोक्यावर होता.

पण रांग होती आणि कोनात्सुच्या पुढे उमेझाकी होता. रांगेत कुणाला लवकर ऊठ म्हणणे आमच्याकडे पापच. घड्याळात सहाला पाच मिनिटे असताना तो बसला. माणूस जिभेचा वाईट असला तरी हाताचा चांगला होता. तो मरेचना. सहा वाजले, सव्वासहा झाले. पूर्ण डावाला अर्धा तास लागतो, आणि सातला कळ. कोनात्सु मागे उभी राहून नखे खात होती. सहा पंचवीसला तो शेवटच्या लाटेत शिरला, सगळे बॉम्ब संपवले आणि मेला.

"बघितलंत?" तो उठत म्हणाला. "भिंत आहे भिंत. फट कसली?"

सहा सत्तावीसला कोनात्सु बसली. शंभर येनचे एक नाणे आत गेले. मागे साठ-सत्तर माणसे आणि कुणाच्या श्वासाचाही आवाज नाही. इसोगाई साक्षीदार म्हणून गल्ल्याशी उभे होते, तिथून पडदा सरळ दिसे.

तिची बोटे बर्फासारखी गार होती. पहिल्याच पातळीवर तिने एक विमान गमावले. दुसऱ्या पातळीपासून बोटे सैल झाली आणि मी ओळखले की ही आता खालून धरते आहे, बापासारखी. तिसरी पातळी गेली, चौथी गेली. पाचवीत दुसरे विमान गेले. आता शेवटचे एकच. सातला पाच कमी असताना बंद होण्याचे गाणे लागले. तिने ऐकले की नाही कोण जाणे. मी ऐकले. ते गाणे मी अठरा वर्षे विसरले नव्हते.

शेवटची लाट सुरू झाली. वरून गोळ्यांची चादर खाली येऊ लागली. गाण्याची शेवटची ओळ आली.

आणि मी इसोगाईंचा हात पाहिला. त्यांची नजर पडद्यावर होती, अगदी पापणी न लवता. पण हात, तो अठ्ठावीस वर्षांच्या सवयीचा हात, आपोआप मागे भिंतीकडे गेला होता आणि मुख्य कळीवर बसला होता. त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. मला ओरडायचे होते. पुन्हा नाही, पुन्हा नाही, एवढेच माझ्या मनात होते.

पहिली घंटा. दुसरी. तिसरी.

टक. टक. दोन टिचक्या, गोळ्यांच्या दिशेने.

"काका, हात काढा!" कुणीतरी किंचाळले. "कळ सोडा! आधी बघा तरी!"

उमेझाकी होता तो. आयुष्यात पहिल्यांदा त्याने खेळ चालू असताना तोंड उघडले होते. कोनात्सु दचकली. तिची बोटे तिसऱ्या टिचकीसाठी हलली, माझा दांडा अर्ध्या वाटेपर्यंत कलला. स्विच केसभर दूर होता. तिने श्वास रोखला आणि बोटे सोडून दिली. मी हळूच सरळ उभी राहिले.

गोळ्या डाव्या पंखावरून गेल्या, उजव्या पंखावरून गेल्या. तांबडा ठिपका तसाच होता. पडदा रिकामा झाला आणि विमान उडत राहिले.

साठ-सत्तर माणसांनी एकदम श्वास सोडला. पुढच्याच मिनिटाला शेवटच्या शत्रूने तिला टिपले आणि डाव संपला. आकडा थांबला त्र्याण्णव लाखांवर. एक कोटी नाहीत, पण ते कुणाच्या लक्षातही आले नाही. सगळ्यांनी फट पाहिली होती.

इसोगाई मात्र कळीवरच्या आपल्या हाताकडे बघत होते. "त्या दिवशीही," ते पुटपुटले, "त्या दिवशीही मी असंच केलं असणार." घड्याळात सात वाजून दोन मिनिटे झाली होती. समोरचा फळवाला, काय झाले म्हणून, दारात येऊन उभा राहिला होता. इसोगाई दुखऱ्या गुडघ्यांनी, पायातल्या सपातांसकट, शेजारच्या दुकानात गेले.

ते सादाहारूंना घेऊन आले तेव्हा लोकांनी वाट करून दिली. पडद्यावर सगळ्यात वर त्र्याण्णव लाख होते आणि शेजारी खेळाडूने घालायची नावाची तीन अक्षरे. कोनात्सुने आपली घातली नव्हती, बापाची घातली होती. सादाहारूंनी ती वाचली आणि ओला हात अंगरख्याला पुसत राहिले. हात केव्हाच कोरडा झाला होता, तरी पुसत राहिले.

इसोगाईंनी जुनी वही उघडली, ते पान काढले, शिक्का शाईत बुडवला आणि कमरेत वाकले. "सादाहारू, चूक माझी. मी पाठ करून कळ ओढली. आज शिक्का मारू दे."

"नको," सादाहारू म्हणाले.

"अरे, सगळ्यांनी पाहिलंय आता!"

"हिचं पाहिलंय. माझं तुम्ही पाहिलं नव्हतं. नियम तुमचाच आहे, काका, आणि तो चांगला आहे. शिक्का हिच्या आकड्यावर मारा."

शिक्का कोनात्सुच्या आकड्यावर पडला. मग उमेझाकी पुढे आला. मान खाली घालून त्याने पेन मागितले. जुन्या पानावर, आपल्याच अक्षरातल्या त्या ओळीखाली, त्याने त्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिले: "मीठ बरोबर होते. चव घेणाऱ्याची जीभ वाईट होती." सही केली, आणि वही दोन्ही हातांनी सादाहारूंपुढे धरली.

सादाहारूंनी वाचले. मग बऱ्याच वर्षांनी हसले. "मुळ्यातलं मीठसुद्धा बरोबरच असतं, उमेझाकी. उद्या येऊन विकत घे."

"बंद करायचं ना आता?" इसोगाई म्हणाले. "सादाहारू, तू ओढ."

सादाहारूंनी आधी माझ्यावर हात ठेवला. मग पडद्याकडे नीट, सावकाश पाहिले, आणि जाऊन कळ ओढली. खट्. चंडोल सगळे विसरले, पण या वेळी लक्षात ठेवणारी माणसे तिथे उभी होती.

मित्रांनो, मी आता लोणच्याच्या दुकानाच्या माळ्यावर असते. पेटीत असते आणि डोक्यावर तो दगड असतो. कोनात्सु आठवड्यातून दोनदा मला हातात घेते, कधीकधी तिचे बाबाही घेतात. महिन्यातून एकदा वंगण मिळाले की मी खूश असते. तुमच्याही घरात एखादी वस्तू डब्यात पडली असेल, सैल झाली म्हणून, जुनी म्हणून. टाकण्याआधी तिला एकदा डोळे मिटून हातात घ्या. तिने काय काय पाहिले आहे ते तिला सांगता येत नाही. आणि कुठलीही कळ खाली ओढण्याआधी, मित्रांनो, एकदा मागे वळून पडद्याकडे बघा.